तीन ठोक्यांची उडी

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा मी एक जुना कार्ट्रिज आहे. रेकॉर्ड प्लेअरच्या हाताच्या टोकाला एक लहानसा ठोकळा बसवलेला असतो, आणि त्याच्या पोटातून सुई खाली डोकावत असते. तो ठोकळा म्हणजे मी. गाणे वाजू लागले की लोक गाणाऱ्याला दाद देतात, स्पीकरला दाद देतात, फार तर यंत्राच्या लाकडी पेटीवरून हात फिरवतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे काम खाली मान घालून करायचे होते आणि ते मी तसेच केले.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका भिंगाखाली माना घालून बसत आणि केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळत. माझी तार जिने गुंडाळली ती चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत असे, आणि शेजारच्या बायका तिला मुद्दाम सांगत नसत. तारेच्या वेटोळ्यांमध्ये एक इवलासा चुंबक बसला, चुंबकाला एक दांडी आली आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याचा कण. हिरा म्हटल्यावर डोळे मोठे करू नका. कुणी शिंकले असते तर तो पुन्हा सापडला नसता.

त्या कणाचे टोक गोल घासलेले होते. ते का, हे सांगितल्याशिवाय माझी पुढची हकीकत तुम्हाला समजणार नाही. त्या काळी छोट्या तबकड्या निघत. एका बाजूला एक गाणे, दुसऱ्या बाजूला दुसरे, संपला खेळ. त्यांच्यावर कोरलेला चर, म्हणजे सुईची वाट, फक्त डावी-उजवीकडे वळवळत जाई. माझ्यासारखे गोल टोकाचे कार्ट्रिज त्यांच्यासाठीच घडवले जात. मला डावे-उजवे तेवढे कळते. वर-खाली काय चालले आहे ते मी मनावर घेत नाही. धूळ आणि ओरखडे बरेचसे वर-खालीच धक्के देतात, त्यामुळे निम्मी खरखर माझ्यापुढे बोंब मारून निघून जाते. हा माझा गुण. आणि दोष असा की मी स्वभावाने ताठ आहे. मला सरळ चालायला वरून चांगले वजन लागते.

नेमके तेच मला मिळाले नाही. दोन बहिणी दुकानात आल्या. त्यांना नाचाच्या वर्गासाठी यंत्र हवे होते. दुकानदार म्हणाला, "हलक्या हाताचं घ्या बाई. जेवढं वजन कमी, तेवढी रेकॉर्ड जास्त टिकते." हे बोलणे कानाला गोड लागते, पण खरे नाही. वजन कमी पडले की सुई चरात बसत नाही, नुसती आपटत राहते, आणि चराच्या भिंती जास्त खरवडल्या जातात. जोडा कितीही देखणा असला तरी तो पायाला बसायला हवा. दुकानदाराने एका हलक्या हाताच्या टोकाला माझ्यासारखा ताठ गडी बांधला, कागदात गुंडाळला आणि दोघी बहिणींना टाटा केले.

नाचाचा वर्ग सायकलींच्या दुकानावर होता. लांब खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, आणि खालून दिवसभर चाकात हवा भरल्याचा आवाज. थोरली बहीण नाच शिकवी. तिला सगळे बाई म्हणत. ताठ मान, कडक बोलणे, राग अगदी नाकाच्या शेंड्यावर. धाकटीला नाचता येत नसे. तिचे दोन्ही पाय एकाच बाजूचे आहेत असे बाई चारचौघांत म्हणत आणि धाकटी सगळ्यांच्या आधी हसे. ती यंत्राशेजारी स्टुलावर बसायची, बिस्किटांच्या डब्यातून तबकडी काढायची, फडक्याने पुसायची, मधल्या मोठ्या भोकात प्लास्टिकचे चाक बसवायची आणि मला अलगद खाली सोडायची. तिच्या हाताला कधी घाई नव्हती. पुढे तिचे केस पांढरे झाले तरी सगळ्यांच्या तोंडी ती धाकटीच राहिली.

त्या डब्यात निळ्या कागदाची एक तबकडी होती. गाणे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. बाईंनी ते कुणाच्या तरी जुन्या सामानातून उचलून आणले होते. चार ठोक्यांचे, चांगल्या चालीचे गाणे. अर्ध्यावर एके ठिकाणी ढोल जोरात वाजे आणि त्या तडाख्यासरशी मी चरातून उडून पलीकडच्या चरात पडे. तबकडीचा एक फेरा चुके. त्या एका फेऱ्यात गाण्याचे तीन ठोके होते, ते गिळले जात. म्हणजे ढोलाचा "एक" झाला की "दोन, तीन, चार" गायब, आणि लगेच पुढचा "एक".

एरवी तबकडी उडी मारते तेव्हा ताल मोडतो आणि ऐकणारा तोंड वाकडे करतो. इथे उडी नेमकी ठोक्यावर सुटून ठोक्यावर पडत होती. त्यामुळे ती चूक वाटेना. ऐकणाऱ्याला वाटे, गाणे रचणाराच मोठा बहाद्दर असला पाहिजे.

बाईंनाही तसेच वाटले. पहिल्यांदा ते गाणे ऐकताना त्या जागी त्या थबकल्या, धाकटीला पुन्हा लावायला सांगितले, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांनी तिथे एक पाऊल बसवले. ढोल वाजला की सगळ्या जोड्यांनी एकमेकांचे हात सोडून उंच उडायचे आणि पुढच्या ठोक्यावर उतरून पुन्हा हात धरायचे. मागचापुढचा विचार करायला वेळच नाही. शिकणाऱ्यांची आधी पाचावर धारण बसे, मग एकदा जमले की तीच उडी पुन्हा पुन्हा मागत.

या पावलाने बाईंचे नाव झाले. दुसऱ्या गावाहून आलेले एक नाचाचे मास्तर आरशाला टेकून पाहत होते. ते म्हणाले, "बाई, तालाच्या अंगावर धावून जाणारं असं पाऊल मी तरी पाहिलं नाही." मास्तर गेल्यावर बाई आरशासमोर उगाच आपला पदर नीट करत राहिल्या. त्या दिवसापासून ते पाऊल म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई झाली. बाकी नाच कुणीही शिकवते, ही उडी फक्त बाईंची.

वर्षे गेली. माझ्या दांडीखालचे रबर सुकून कडक झाले, हिऱ्याला एका अंगाने सपाटी आली. मी घोगरा वाजू लागलो. वर्गातली माणसेही माझ्यासारखीच जुनी झाली. पोस्टमन आणि त्याची बायको अगदी सुरुवातीपासून येत. पोस्टमन निवृत्त झाला, त्याचे गुडघे कुरकुरू लागले, तरी ढोल वाजला की दोघे हात सोडून उडत. पूर्वीइतके उंच नव्हे, पण उडत.

मग नाट्यगृहातून बोलावणे आले. शहरातल्या जुन्या नाचवर्गांची एक संध्याकाळ ठरली होती आणि तिच्यात बाईंची उडी हवी होती. बाईंना आजवर एवढा मोठा मंच मिळाला नव्हता. त्यांनी धाकटीला तीनदा विचारले, "त्यांनी 'बाईंची उडी' असंच म्हटलं ना? आपल्या वर्गाचा नाच असं नाही ना म्हटलं?"

नाट्यगृहातला साउंडवाला एकदा वर्गात येऊन ऐकून गेला. बिचारा सभ्य होता. एवढेच म्हणाला, "बाई, ही खरखर आमच्या मोठ्या स्पीकरमधून गेली तर लोकांना वाटेल आत काहीतरी तळतायत. सुईचं काहीतरी बघा."

सुईचे बघायला भाचा आला. बहिणींच्या भावाचा हा मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, म्हणून प्रत्येक गोष्ट भिंगातून पाहायची त्याला सवय. त्याने मला हातावरून उतरवले आणि भिंगाखाली धरले.

"धाकटी आत्या, ही सुई आहे की छिन्नी? एका बाजूने पार सपाट झालीय."

"चालते ती," धाकटी म्हणाली.

"चालतो तर आमच्या दुकानातला पंखाही. खाली कुणी बसत नाही."

त्याने मला एका रिकाम्या चष्म्याच्या डबीत मऊ फडक्यावर ठेवले आणि डबी उघडीच कपाटावर ठेवली. मी तिथून सगळे पाहत होतो. मित्रांनो, आपल्या जागी दुसऱ्याला बसवताना पाहणे कुणालाही फारसे आवडत नाही. पण माझी सुई झिजली होती हे खरेच होते, आणि खऱ्यावर रुसून काय करायचे?

भाच्याने पहिला आणला तो चंदेरी, नाजूक, टोक अंड्यासारखे निमुळते. त्याच्यासोबत गुणगानाचे एक जाडजूड पुस्तकच आले होते. नव्या मोठ्या तबकड्यांवर तो खरोखर देखणा वाजत असणार. पण आमच्या छोट्या तबकडीच्या चरात तो अगदी तळापर्यंत उतरला, आणि तिथे वर्षानुवर्षे जी धूळ दबून बसली होती ती त्याने एकेक कण वेचून ऐकवली. वर-खालीही त्याला सगळे कळे. जुन्या जड सुयांनी केलेला एकही ओरखडा त्याने सोडला नाही. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून जावे आणि पलंगाखाली वाकून बघावे, त्यातला प्रकार. गाण्याची दोन कडवी झाली नाहीत तोच बाई म्हणाल्या, "बंद कर. याच्यापेक्षा जुना बरा होता."

"महाग होता तो, आत्या," भाचा म्हणाला.

"मग परत दे. महाग आहे म्हणून मी त्याच्यावर नाचू?"

भाचा हट्टी होता. त्याने पुन्हा शोध घेतला. जुन्या छोट्या तबकड्या वाजवणाऱ्या लोकांना विचारले, आणि दुसऱ्या खेपेला जो आणला तो काळा, बुटका, अंगाने जड, दिसायला अगदी सामान्य. टोक माझ्यासारखेच गोल, पण माझ्यापेक्षा किंचित जाड, त्यामुळे माझ्या झिजलेल्या वाटेच्या जरा वरून चालणारे. तिथल्या भिंती अजून कोऱ्या होत्या. माझ्यासारखेच त्यालाही फक्त डावे-उजवे कळत होते. शिवाय हात हलका म्हणून कार्ट्रिज जड, हा हिशेब भाच्याने बरोबर जमवला होता. मला कुणी निवड करायला सांगितले असते तर मीही त्याच्याकडेच बोट दाखवले असते. बोट असते तर.

त्या संध्याकाळी सगळा वर्ग जमला होता. धाकटीने निळ्या कागदाची तबकडी लावली. काय सांगू! जिथे मी घोगरा झालो होतो तिथे तो स्वच्छ बोलत होता. पोस्टमनची बायको नाचता नाचता म्हणाली, "अगं बाई, यात व्हायोलिनपण आहे!" बाईंचा चेहरा उजळला. जोड्या रंगात आल्या. ढोलाची जागा आली. ढोल वाजला. सगळ्यांनी हात सोडले आणि उडी घेतली.

आणि गाणे थांबले.

म्हणजे बंद पडले नाही. तबकडी फिरत होती, नवा कार्ट्रिज आपल्या चरात शांतपणे चालत होता. पण ढोलानंतर वाजंत्री गप्प झाली होती. त्या गप्पपणात सगळ्या जोड्या धाडकन जमिनीवर उतरल्या. पोती टाकल्यासारखा आवाज झाला. पुढचे पाऊल टाकायला ताल नव्हता, आणि सवयीचे पाय तर थांबत नव्हते. पोस्टमन बायकोवर आदळला, बायको मागच्या जोडीवर आदळली, आणि खालून सायकलवाला ओरडला, "अहो, काय पडलं काय वर?"

"बंद कर!" बाई म्हणाल्या. "हा बिघडलाय. तीन ठोके जास्त वाजवतोय."

भाचा म्हणाला, "मोठी आत्या, कार्ट्रिज कमी वाजवू शकतो. जास्त कुठून आणील? आडात नाही ते पोहऱ्यात कसं येईल?"

"मग रेकॉर्ड बिघडली असेल. तो लठ्ठ्या तिच्यावर बसवलास ना तू!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," भाचा पुटपुटला. ते बाईंच्या कानावर गेले. त्यांनी ज्या नजरेने पाहिले त्यावर भाच्याने लगेच स्क्रू आवळण्यात डोके घातले.

गाणे पुन्हा लावले. पुन्हा तीच शांतता. तिसऱ्यांदा लावायला बाईंनी हात केला तेव्हा धाकटी स्टुलावरून म्हणाली, "ताई, ती जागा तशीच आहे. आपला जुना तिथे उडी मारायचा."

"म्हणजे?"

"ढोल वाजला की सुई पुढच्या चरात जायची. पहिल्यापासून. मला इथून दिसायचं, हात कसा झटका खातो ते."

बाईंनी वर केलेला हात खाली घेतला.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारले.

"मला वाटलं तुलाही माहीत आहे," धाकटी म्हणाली. "मी तर त्या आठवड्यात यंत्राच्या हातावर नाणं ठेवणार होते, वजनाने उडी थांबावी म्हणून. लोक ठेवतात तसं. तेवढ्यात तू त्याच्यावर पाऊल बसवलंस. मला वाटलं, वा, ताईने उडीचंच सोनं केलं. मग नाणं परत पाकिटात टाकलं."

बाईंनी आरशाजवळची आपली चप्पल घातली आणि वर्ग सुटला असे न सांगताच त्या जिना चढून वरच्या मजल्यावर आपल्या घरी गेल्या. एवढी वर्षे एकाच खोलीत, एकाच गाण्यापाशी दोघी बहिणी होत्या. एक डोळे मिटून ऐकत होती, दुसरी डोळे उघडून बघत होती. आणि दोघींनीही एकमेकींना कधी एक शब्द विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराला कुलूप लागले. धाकटीने माझी डबी वर नेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, तिथून मला टेबल दिसे. दुपारी भाचा आला. त्याने आपल्या परीने तोडगा काढला होता.

"मी ते गाणं संगणकावर घेतो आणि मधले तीन ठोके कापून टाकतो. नव्याचा स्वच्छ आवाज आणि जुन्याची उडी. मंचावर कुणाला पत्ताही लागणार नाही."

"मला लागेल," बाई म्हणाल्या. "त्यांना कळव, आमचा वर्ग येणार नाही."

"अगं पण का?"

"का म्हणजे? त्यांनी कुणाला बोलावलंय? बाईंच्या उडीला. ती बाईंची नाहीच. सुईने उडी मारली आणि मी आयुष्यभर मिरवली. मास्तर मला म्हणाले, तालाच्या अंगावर धावून जाणारं पाऊल! आणि मी ऐकून घेतलं." त्यांनी कप बाजूला सारला. "दुसऱ्याच्या जिवावर नाव कमावलं असं तरी म्हणता आलं असतं. इथे तर दुसरा कुणी नाहीच. एक मोडका ठोकळा."

मोडका ठोकळा म्हणजे मी. मला राग आला नाही. पण ज्या बाईने कधी कुणासमोर मान खाली घातली नव्हती, ती टेबलावरच्या कपाकडे बघत बसली होती, ते मात्र पाहवेना.

भाच्याने चहाचा कप पुढे ओढला. धाकटी ओट्यापाशी कप विसळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "ताई, मी ती उडी तुझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलीय. अगदी हातभर अंतरावरून. मला काय सुचलं?"

तिने विसळलेला कप पालथा घातला.

"नाणं ठेवायचं सुचलं," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणी ते ऐकलं असतं तर रेकॉर्ड फेकून दिली असती, नाहीतर दुकानदाराशी भांडली असती. तू उडालीस. त्या ठोकळ्याला नाचता आलं असतं तर मी त्यालाच पाठवलं असतं नाट्यगृहात, तुझी कटकट नको म्हणून."

भाच्याला हसू आले आणि त्याने ते चहात बुडवले. बाईंनी वर पाहिले. त्या हसल्या नाहीत, पण कप उचलून एक घोट घेतला. मग त्यांनी विचारले, "तिथे नक्की काय आहे? त्या तीन ठोक्यांत?"

"मला काय माहीत? तुम्ही सगळे धाडधाड पडलात, ऐकू कुठे आलं?"

"चल खाली," बाई म्हणाल्या. "चावी घे."

खिडकीतून मला खालच्या खोलीतले स्पष्ट ऐकू येत नव्हते. एवढे कळले की गाणे लागले, आणि ढोलाच्या जागेनंतर पुन्हा मागे नेऊन लावले, पुन्हा मागे नेले. वर आल्या तेव्हा बाईंच्या हातात चप्पल होती आणि ती कुठे ठेवायची हे त्या विसरल्या होत्या. भाच्याला म्हणाल्या, "कापू नको. गाणं आहे तसं पुरं वाजू दे. आणि त्यांना कळवलं असलंस तर पुन्हा कळव, आम्ही येतोय."

त्यानंतरच्या तालमी मी पाहिल्या नाहीत. माझी डबी मिटून धाकटीच्या पिशवीत गेली होती. तिला नव्यावर पूर्ण भरवसा नव्हता. आयत्या वेळी दगा दिला तर जुना हाताशी असावा, एवढाच त्यात माझा मान. कानामागून आला आणि तिखट झाला, असे मी नव्याबद्दल म्हणू शकलो असतो. पण पिशवीतल्या अंधारात असल्या गोष्टींना काही चव राहत नाही. डबीच्या फटीतून पोस्टमनचे बोलणे तेवढे कानावर येई. "बाई, उडणं सोपं होतं हो. हे भलतंच अवघड आहे."

नाट्यगृहाच्या विंगेत यंत्र एका भक्कम टेबलावर ठेवले होते. साउंडवाल्याने त्याच्या पायांखाली रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे मंचावरच्या पावलांचा हादरा पोहोचू नये. धाकटीने पिशवीतून डबी काढली, उघडली आणि यंत्राशेजारी ठेवली. तिथून मला अर्धा मंच आणि नवा कार्ट्रिज दोन्ही दिसत होते. तिने निळ्या कागदाची तबकडी पुसली आणि त्याला तितक्याच अलगद खाली सोडले जितके मला सोडत असे. ते पाहून मला बरे वाटले, हे मी मान्य करतो.

जोड्या नाचू लागल्या. समोर अंधारात भरलेले नाट्यगृह होते. त्यातल्या पुष्कळांना बाईंची उडी ठाऊक होती आणि ते तिचीच वाट पाहत पुढे सरकून बसले होते. बाई आपल्या जोडीदाराबरोबर मधोमध होत्या. ढोलाची जागा जवळ येऊ लागली. धाकटीने सवयीने हात यंत्राच्या हाताजवळ नेला, मग मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

ढोल वाजला.

कुणी उडाले नाही. सगळ्या जोड्या टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि तिथेच थांबल्या. उडायला एकमेकांचे हात सोडावे लागत. असे तोल सांभाळून थांबायला मात्र घट्ट धरावे लागते. पोस्टमनचे गुडघे थरथरत होते. त्याच्या बायकोने त्याला दोन्ही कोपरांपाशी धरले होते, आणि त्याने तिला. वाजंत्री गप्प होती. मंच गप्प होता. अंधारातले ते सगळे लोकही गप्प होते.

आणि मग मी ते ऐकले. ढोलाचा नाद विरत गेला आणि त्या शांततेत गाणाऱ्याने श्वास घेतला. पुढच्या ओळीसाठी, छातीभर, जरा घाईने, जसा कुणीही माणूस घेईल तसा. कधीकाळी कुठल्याशा खोलीत एक माणूस उभा होता आणि त्याला दम लागला होता. हजारो वेळा मी त्याचे गाणे वाजवले, पण तो श्वास घेतो हे मला ठाऊक नव्हते. मी तेवढाच ओलांडून जात होतो.

पुढचा "एक" पडला, टाचा खाली आल्या आणि नाच पुढे चालू लागला. टाळ्या शेवटी वाजल्या, भरपूर वाजल्या. बाई विंगेत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही, तिचा हातच धरला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"हे आता माझं," बाई म्हणाल्या. आणि तसाच हात धरून म्हणाल्या, "उद्या आरशापुढे ये. तुला उभं राहायला तरी शिकवते. त्याला दोन्ही पाय एका बाजूचे असले तरी चालतं."

मित्रांनो, मी अजून त्याच चष्म्याच्या डबीत आहे. मला आता कुणी कामाला लावणार नाही आणि लावूही नये. तुमच्या घरी जुन्या छोट्या तबकड्या असतील तर त्यांच्यासाठी सुई निवडताना चंदेरी अंगाला भुलू नका. गोल टोकाची बघा, हाताला साजेशी बघा, वजन पुरेसे द्या, आणि ती झिजली की माया न करता उतरवा. हे मी माझ्याच जातभाईंविरुद्ध सांगतो आहे, म्हणून तरी ऐका. फक्त उतरवल्यावर आम्हाला खणाच्या तळाशी ढकलू नका. डबी यंत्राजवळ ठेवा आणि झाकण उघडे असू द्या. जे आम्हाला कधी वाजवता आले नाही, ते एकदा तरी ऐकायचे असते.